नकाशेवाल्यांचा चौकोन

सकाळच्या पाळीला नऊ मशिनं होती आणि नऊ खुर्च्या. आठवड्यातले तीन दिवस, उजाडायच्या आत, नऊ जण आपापल्या घरून निघायचे आणि डायलिसिस विभागात येऊन चार तास बसायचे. मूत्रपिंडांनी सोडून दिलेलं काम तेवढा वेळ मशीन करायचं. खुर्च्या कुणी नेमून दिलेल्या नव्हत्या, तरी त्या ज्याच्या त्याच्या ठरून गेल्या होत्या. खिडकीजवळची नकाशेवाल्यांची, तिच्या शेजारची फोटोवाल्या बाईंची, समोरची रेडिओची.

रेडिओ म्हणजे बसचा निवृत्त कंडक्टर. सुई टोचल्यापासून ती काढेपर्यंत तो बोलत राही, म्हणून ते नाव. नकाशेवाले जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे. ते जवळजवळ बोलतच नसत. त्यांच्या वाटचं त्यांची बायको बाहेरच्या बाकावर बसून बोले. तिला सगळे वहिनी म्हणत, वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा.

विभागात एक रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती आणि नव्या माणसाला कुणी सांगतही नसे. चार-सहा खेपांत ती त्याची त्यालाच कळे. गैरहजर माणसाची चौकशी करायची नाही. खुर्ची रिकामी दिसली की लोक मोबाइल बघत, नाहीतर डोळे मिटून घेत. माणूस परगावी गेला असेल, दुपारच्या पाळीत गेला असेल, मोठ्या दवाखान्यात भरती असेल. यांपैकी कुठलं, ते विचारायचं नाही. विचारलं तर उत्तर मिळालं असतं.

फोटोवाल्या बाईंचं कचेऱ्यांच्या रस्त्यावर पासपोर्ट फोटोचं दुकान होतं. आजारपणात ते त्यांनी अर्ध्या दिवसावर आणलं होतं. डायलिसिसला त्यांचा डावा हात सुयांमध्ये अडकलेला असे आणि उजवा मोकळा. त्या मोकळ्या हाताचा अंगठा मोबाइलवर फिरता फिरता एक दिवस त्यांना ते साधन सापडलं. प्रोग्रामिंग न शिकता स्वतःचं ॲप बनवा, असं त्यावर लिहिलं होतं. बाईंना आधी ती फसवणूक वाटली, पण चार तास काढायचे होते. पडद्यावर रंगीत ठोकळे होते. पिवळ्या ठोकळ्यावर लिहिलेलं, ‘बटण दाबलं की’. निळ्यावर, ‘रंग बदल’. हिरव्यावर, ‘आवाज कर’. एकाची खाच दुसऱ्याच्या दातात सरकवली की ते चिकटत, आणि चिकटले की सांगितलेलं काम करत. बाईंनी पहिल्या दिवशी एक बटण बनवलं, जे दाबलं की घंटी वाजायची. त्यांनी ते समोर दाखवलं.

“एवढं तर माझी सायकलपण करते,” रेडिओ म्हणाला. तेव्हापासून तो त्यांना इंजिनिअर बाई म्हणू लागला.

विभागाची एक खरी अडचण होती आणि ती भाऊंची होती. भाऊ म्हणजे सकाळच्या पाळीचा टेक्निशियन. रुग्ण यायच्या आधी त्याच्या नावाचं मशीन तयार करायचं, नळ्या धुऊन भरून ठेवायच्या. तयार केलं आणि माणूस आला नाही तर सगळं टाकून द्यायचं. तयार केलं नाही आणि माणूस आला तर त्याला ताटकळत बसवायचं, आणि मग दिवसाच्या साऱ्या पाळ्या पुढे ढकलल्या जायच्या. म्हणून भाऊ पहाटे उठून नऊ जणांना फोन करत, निघालात का. दोघे उचलत नसत आणि एक जण निघालो म्हणून पुन्हा झोपे. तो रेडिओ.

बाईंनी ॲप बनवलं ते यासाठी. उजव्या अंगठ्याने, दीड-दोन महिन्यांत, बहुतेक सगळं खुर्चीत बसूनच. मोबाइलच्या पडद्यावर नऊ चौकोन, प्रत्येकात एकेकाचा फोटो. खाली तीन बटणं. तिथल्या बऱ्याच जणांची नजर अधू झालेली, म्हणून त्यांवर अक्षरांऐवजी चित्रं ठेवली. उघडं दार म्हणजे घरून निघालो. ते दाबलं की आपला चौकोन हिरवा होई. खुर्ची म्हणजे पोहोचलो, चौकोन निळा. फुली म्हणजे आज येत नाही; चौकोन लाल, आणि भाऊंचा लगेच फोन, काय झालं. मध्यरात्री सगळे चौकोन आपोआप पांढरे होत.

फोटो बाईंनीच काढले. भाऊ प्रत्येकाच्या पाठीमागे पांढरी चादर धरून उभे राहिले. हा पासपोर्ट घेऊन जायचंय कुठे, असं रेडिओने विचारलं. नकाशेवाले त्या आठवड्यात प्रथमच बोलले. म्हणाले, “परवा पुन्हा इथेच.” पाळी हसली. नंतर बाईंनी त्यांना पडदा दाखवला, तेव्हा दोन चौकोनांच्या मध्ये केसभर जागा जास्त आहे, एवढंच त्यांनी बोट ठेवून सुचवलं. ती खरोखरच जास्त होती. बाईंनी ती सारखी केली.

पहिल्या पंधरवड्यात लोक आपलं बटण न दाबता नुसते दुसऱ्यांचे चौकोन बघत बसू लागले. कोण निघालं, कोण लोळतंय, याची मजाच वाटे. म्हणून बाईंनी एक ठोकळा आणखी जोडला. आधी आपलं बटण दाबायचं, मगच बाकीच्यांचे चौकोन उघडणार. मग सगळे वेळेवर दाबू लागले. नकाशेवाले स्वतः मोबाइलला हात लावत नसत. त्यांचं बटण वहिनी दाबायच्या, घराला कुलूप लावता लावता.

बाईंची चूक झाली ती मांडणीत, आणि ती फोटोवाल्या माणसानेच करावी अशी होती. पासपोर्ट फोटोचा कागद जसा भरतात तसे त्यांनी चौकोन भरले होते. एकेक हाताने ठेवलेला, शेजारच्याला टेकवलेला. प्रत्येक चौकोनाचे ठोकळे वेगळे आणि ते एकाखाली एक लटकवलेले. पहिला नसेल तर दुसरा बघ, दुसरा नसेल तर तिसरा. माणसांची यादी करून ती एकदाच ॲपला द्यायची असते आणि मग यादीतून कुणालाही घालता-काढता येतं, हे त्यांना माहीत नव्हतं. माणूस काढावा लागेल हा विचारच त्यांनी केला नव्हता.

तो पहिल्यांदा करावा लागला त्याच हिवाळ्यात. दाराजवळच्या खुर्चीतल्या आजी गेल्या. बाईंनी त्यांचा चौकोन ओढून काढला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ॲप कुणाच्याच मोबाइलवर उघडेना. मधली कडी गेल्याने खालचे सगळे सुटे झाले होते. पाळी लांबली, मोठ्या सिस्टरांनी भाऊंना ऐकवलं. बाईंनी आजींना पुन्हा जागेवर ठेवलं आणि त्यांचा चौकोन राखाडी करून टाकला. त्या खुर्चीत नवा माणूस आला तेव्हा त्याचा चौकोन त्यांनी शेवटी जोडला. पुढे आणखी एक राखाडी झाला. रोज सकाळी सगळ्यांना ते दिसत. त्यावर कधी कुणी बोललं नाही.

नकाशेवाले गेले ते डायलिसिसच्याच दिवशी. त्या सकाळी त्यांचा चौकोन हिरवा झाला होता आणि मग तो निळा झालाच नाही. भाऊंनी मशीन लावून ठेवलं होतं. तास झाल्यावर त्यांनी बाहेर जाऊन फोन केला, परत आले, आणि नळ्या काढायला लागले. रेडिओ कुठल्याशा जुन्या मार्गावरच्या प्रवाशाची गोष्ट सांगत होता. त्याने ती पूर्ण केली. कुणी ऐकलं नाही आणि ते त्यालाही कळत होतं.

बाईंनी त्यांचा चौकोन राखाडी केला. चार-पाच दिवस गेले आणि एका पहाटे, स्वतःचं बटण दाबून पडदा उघडला, तर तो पुन्हा हिरवा.

प्रथम त्यांना वाटलं आपलेच ठोकळे चुकले. त्यांनी तपासून पाहिलं, चूक नव्हती. चौकोनाचा रंग त्यांनी बदलला होता, पण बटण जिवंतच होतं. कुणीतरी ते दाबलं होतं, आणि तो मोबाइल कुणाच्या हातात आहे हे सांगायला नको होतं. त्या सकाळी विभागात सगळे जरा जास्तच शांत होते. म्हणजे सगळ्यांनी पाहिलं होतं. पुढच्या खेपेला तेच झालं, त्याच्या पुढच्या खेपेलाही. उजाडायच्या आधी नकाशेवाले घरून निघत आणि मध्यरात्री पुन्हा राखाडी होऊन जात.

बाईंना हे थांबवता आलं असतं. एक ठोकळा काढला की बटण मुकं झालं असतं. त्यांनी तो काढला नाही. बाईमाणूस एकटी पडली आहे, मन मानत नसेल, सकाळी उठून हात आपोआप तिकडे जात असेल, असं त्यांनी धरलं. चार दिवसांत थांबेल. शिवाय भाऊंना ठाऊक होतं, ते त्या हिरव्याकडे बघून न बघितल्यासारखं करत आणि त्या मशीनवर बाहेरून येणाऱ्या रुग्णांना घेत. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात बिघडलं. भाऊ रजेवर होते आणि दुसऱ्या विभागातली बदली सिस्टर आली होती. तिला एवढंच सांगितलेलं की मोबाइलमध्ये हिरवा दिसेल त्याचं मशीन लाव. तिने खिडकीजवळचं मशीन नकाशेवाल्यांसाठी तयार केलं. त्या दिवशी कॉलेजच्या वयाची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. तिचं जुनं केंद्र बंद पडलं होतं, आणि खुर्ची रिकामी झाली आहे असं भाऊंनीच तिला कळवलं होतं. सिस्टरने मोबाइल बघितला आणि सांगितलं की रिकामी नाही, ते घरून निघालेत. वडिलांनी फार वाद घातला नाही. बाकावर बराच वेळ बसून दोघं परत गेली. बाईंच्या दोन्ही सुया लागलेल्या होत्या, रक्तदाब उतरल्याने त्या अर्धवट ग्लानीत होत्या. दाराशी काहीतरी बोलणं चाललंय एवढंच त्यांना कळलं.

मुलीच्या अंगात पाणी साठलं. संध्याकाळी तिला दम लागला आणि अतिदक्षता विभागात नेऊन तिथे डायलिसिस करावं लागलं. ती वाचली. मोठ्या सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी बाईंना बोलावून घेतलं आणि आवाज न चढवता दोन वाक्यं सांगितली. मेलेल्या माणसांची नावं काढा. नाहीतर ते ॲप बंद करा.

काढली तर ॲप मोडतं हे बाईंनी सांगून पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, तो प्रश्न त्यांचा नाही. आणि तो नव्हताच.

बटण मुकं करून बाईंना गप्प बसता आलं असतं. वहिनी एका पहाटे अंगठा ठेवून बघतील, काही होणार नाही, आणि त्या समजतील. दोन दिवस बाईंनी हाच बेत धरून ठेवला होता. मग त्यांनी भाऊंकडे पत्ता मागितला. भाऊंनी कागदाच्या चिठोऱ्यावर तो लिहून दिला आणि म्हणाले, “मावशी, मी दिला असं कुठे बोलू नका. आणि कशाला जाताय? आपल्यात कुणी जात नाही.”

“म्हणूनच जाते,” बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःला ते फारसं पटलेलं नव्हतं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. बाई दोनदा थांबल्या. दार उघडलं तेव्हा त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. वहिनींनी काही विचारलं नाही. दंडाला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं, आतून अगदी छोटं, वाटीएवढं भांडं आणलं आणि त्यात अर्ध्यापर्यंत पाणी ओतून पुढे केलं. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पाणी मोजून प्यावं लागतं. बाई ज्या ज्या घरी जात तिथे त्यांना तांब्याभर पाण्याचा आग्रह होई आणि नाही म्हणता म्हणता जीव जाई. इथे न सांगता बरोबर तेवढंच आलं. बाईंनी पाहिलं, पलीकडे टेबलावर तसंच दुसरं भांडं होतं. वहिनी स्वतःही अजून त्यातूनच पीत होत्या.

खोली नीटनेटकी होती. भिंतीला लागून नकाशाचं उतरतं टेबल, त्यावर धुतलेले कपडे घड्या करून ठेवलेले. मुलगा दुसऱ्या देशात असतो, येऊन गेला, आता तिकडे चल म्हणतो, असं वहिनींनी सांगितलं. मग त्यांनी पाळीतल्या एकेकाची चौकशी केली. रेडिओच्या पायाची जखम भरली का, भाऊंच्या मुलीची परीक्षा झाली का, कोपऱ्यातल्या सरांचा हात सुजला होता तो उतरला का. बाईंना सगळी उत्तरं येत नव्हती. रोज समोर बसणाऱ्या माणसांबद्दल वहिनींना त्यांच्यापेक्षा जास्त माहिती होती.

शेवटी बाईंनी विषय काढला. ॲपमध्ये नकाशेवाल्यांचा चौकोन हिरवा होतो, असं त्या म्हणाल्या.

“मीच करते,” वहिनी म्हणाल्या. “आधी दाबल्याशिवाय बाकीचे दिसतच नाहीत ना. तुम्हीच तसं केलंय.”

बाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

“ताई, मला काय वेड लागलंय असं वाटलं का तुम्हाला? माझ्यासमोर गेले ते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टेकले, म्हणाले जरा थांब, आणि मी थांबले. ते निघाले नाहीत हे मला कळतं.” त्या उठून खिडकीपाशी गेल्या, पडदा उगाचच सारखा केला. “पण जाग येते हो त्याच वेळी. इतकी वर्षं आली, ती आता येणारच. बाहेर काळोख असतो. एक माणूस जागं नसतं इमारतीत. मग तो मोबाइल उघडला की तुम्ही सगळे दिसता. रेडिओ निघाले. सर निघाले. तुम्ही नेहमी शेवटी निघता. सगळे हिरवे झाले की मग मला उठून चहा करावासा वाटतो.”

फुली का नाही दाबली, असं बाईंनी विचारलं. दार काय, फुली काय, कुठलंही बटण दाबलं तरी पडदा उघडला असता.

“ती कशी दाबू? ती दाबली की भाऊंचा फोन येणार, काय झालं म्हणून. आणि आज येत नाही म्हणजे परवा येणार, असंच होतं ना त्याचं.”

या घरात येताना बाईंनी मनात सगळं जुळवून आणलं होतं. समजूत घालायची, धीर द्यायचा, सावकाश सांगायचं. समजूत घालण्यासारखं इथे काही नव्हतं. त्यांनीच एक दार बनवलं होतं आणि त्याला एकच कडी ठेवली होती; बाईमाणसाने ती काढून आत डोकावलं, एवढंच. मग त्यांनी बदली सिस्टरचं आणि त्या मुलीचं सगळं सांगितलं. मुलगी वाचली हे त्यांनी आधी सांगितलं, बाकीचं नंतर.

वहिनी ऐकता ऐकता खाली बसल्या. मुलगी किती लांबून आली होती, वडील काय म्हणाले, रात्री कुणी होतं का जवळ, असं त्यांनी विचारलं. दम लागणं म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही.

“त्यांच्या खुर्चीत तिला बसवा,” त्या म्हणाल्या. “आणि यांना काढून टाका. मी नाही आता हात लावणार.”

बाईंनी सांगितलं की लगेच नाही जमणार, सगळं नव्याने बांधावं लागेल. वहिनी म्हणाल्या की त्यांच्याकडून उद्यापासूनच बंद. निघताना जिन्यापर्यंत त्या सोबत आल्या, आणि सावकाश उतरा म्हणाल्या. पायऱ्या उतरताना बाईंच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत पाळीतल्या कुणाच्या घरी त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पडद्यावर तीन राखाडी चौकोन होते. तिन्ही तसेच राहिले.

नवं ॲप बांधायला बाईंना महिनाभर लागला. या वेळी त्यांनी ते शिकून केलं. यादीचा ठोकळा वेगळा असतो, गडद निळा. त्यात नावं आणि फोटो एकदा टाकले की चौकोन ॲप स्वतः मांडतं. एखाद्या नावावर बोट धरून ठेवलं की कचऱ्याच्या डब्याचं चित्र येतं. ते दाबलं की माणूस जातो, आणि पुढचे चौकोन सरकून मधली जागा भरून काढतात. काही मोडत नाही. बाईंनी ते करून पाहिलं, आणि इतकं सहज होतंय हे बघून त्यांना बरं वाटलं नाही.

डब्याचं चित्र त्यांनी फक्त भाऊंच्या मोबाइलवर ठेवलं. भाऊ म्हणाले, ते तुमच्याकडेच राहू द्या मावशी, मला त्यातलं कळत नाही.

“माझं काढायची वेळ येईल तेव्हा मी कुठे असणार?” बाई म्हणाल्या. “शिकून घ्या.”

भाऊ शिकले. सरावासाठी एक खोटं नाव घातलं. त्याला फोटो कुणाचा लावायचा म्हणून रेडिओने मोठ्या सिस्टरांचा सुचवला. शेवटी खुर्चीचा लावला. भाऊंनी ते तीन-चारदा घातलं आणि काढलं.

जुन्या ॲपमधून नव्यात नावं उतरवताना बाईंनी जिवंत माणसंच उतरवली. खिडकीजवळच्या खुर्चीत आता ती मुलगी बसत होती. तिचा फोटो घ्यायला भाऊंनी चादर धरली तेव्हा तिने हसू का विचारलं, आणि पासपोर्टला चालत नाही असं रेडिओने तिला सांगितलं. यादी पूर्ण झाल्यावर बाईंनी एक ठोकळा आणखी घातला, ज्याबद्दल त्यांनी मोठ्या सिस्टरांना विचारलं नाही. चौकोन नसलेला, बटण नसलेला एक मोबाइल. त्याला सगळे दिसतील, पण तो कुणाला दिसणार नाही.

मग त्या पुन्हा तीन मजले चढल्या. या वेळी तीनदा थांबल्या.

वहिनींनी मोबाइल हातात घेऊन पडदा पाहिला. दुपार होती, सगळे चौकोन निळ्याचे पांढरे व्हायचे होते. काही दाबावं लागत नाही हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. त्यांनी नवरा होता त्या जागेवर बोट ठेवलं. तिथे आता मुलगी होती. गोड आहे, त्या म्हणाल्या. केस बांधायला सांगा तिला, सुईच्या नळीत अडकतात.

बाईंनी जे सांगायचं ठरवलं होतं ते सांगितलं. आम्हा लोकांना रोज एकमेकांचं तोंड दिसतं, म्हणून कमी झालेलं माणूस न बघायची आम्ही सवय करून घेतो. या ॲपमध्ये तर जागासुद्धा मागे उरत नाही. तुम्हाला मात्र घरी बसून, एकटीला, एकेक जण कमी होताना दिसेल. वर्ष-दोन वर्षांत यातले किती राहतील ते मी सांगू शकत नाही. मी राहीन का तेही नाही. हे ठेवायचं का, याचा विचार करा.

वहिनींनी विचार केला. अर्धं भांडं पाणी आणून दिलं, बाईंचं ते पिऊन होईपर्यंत थांबल्या.

“यांचं झालं तेव्हा तुमच्यापैकी कुणी आलं नाही,” त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. सामान जागेवर ठेवावं तसं ते वाक्य त्यांनी ठेवलं. “सगळी नातेवाईक मंडळी होती. त्यांना ह्यांचं पूर्वीचं ठाऊक. शेवटची सहा वर्षं तुमच्यात गेली आणि त्यातलं कुणाशी बोलायला मिळालं नाही. असू दे हे माझ्याकडे. दिसू दे मला.”

त्यानंतरचं पुष्कळसं नेहमीसारखंच झालं. पहाटे चौकोन हिरवे होत, मग निळे. बाई स्वतःचा हिरवा करताना एखादा क्षण अंगठा तसाच ठेवत. कुठेतरी एका तिसऱ्या मजल्यावर आता चहाचं आधण पडेल, हे त्यांच्याशिवाय पाळीत कुणाला माहीत नव्हतं.

पावसाळा संपता संपता रेडिओच्या पायाची जखम चिघळली. त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. आठवडाभर त्याचा चौकोन पांढरा राहिला आणि मग एका सकाळी पडद्यावर आठच चौकोन होते. पुढचे सरकून आले होते, मध्ये केसभरही जागा नव्हती. विभागात त्या दिवशी पंख्याचा आवाज फार मोठा वाटत होता. मुलीने, ती अजून नवी असल्यामुळे, कंडक्टर काका कुठेत असं विचारलं. भाऊ मशीनचे आकडे लिहून घेत राहिले. बाईंनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात कोपऱ्यातल्या सरांनी पंखा कमी करायला सांगितला.

त्याच दिवशी दुपारी रेडिओच्या घराची बेल वाजली. मांडवाच्या खुर्च्या अजून जिन्याखाली रचलेल्या होत्या. सुनेने दार उघडलं. गेले चार दिवस लोक येतच होते, बहुतेक डेपोतले जुने ड्रायव्हर-कंडक्टर आणि काही प्रवासी, ज्यांना सासरे नावानिशी ओळखत. दारात उभ्या असलेल्या पाहुणीला तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने आत यायला सांगितलं, बसायला दिलं, आणि सासूला बोलवायच्या आधी, काय सांगून बोलवावं म्हणून, विचारलं की तुम्ही बाबांच्या बसने जायचात का.

“नाही,” वहिनी म्हणाल्या. “आम्ही एकाच वेळी घरून निघायचो.”